शिडी सोडल्यावर

चि. कुलदीप,

आमच्या ताथवड्याच्या सोसायटीवर मोठं संकट कोसळलंय. पार्सलवाल्यांनी लिफ्टने यावं की जिन्याने, यावर काल सभेत घनघोर चर्चा झाली आणि ठराव तहकूब झाला. तोवर माझा नवा मिक्सर खाली गेटवर आणि मी बाराव्या मजल्यावर.

युरोपातल्या साहेबांचीही सभा तहकूबच होते, असं बातम्यांत दिसतं. देश सोडून बोटीने निघालेल्या बुडणाऱ्यांना वाचवावं, हे सगळ्यांना मान्य. फक्त उतरवायचं दुसऱ्याच्या बंदरात. तुझं मालवाहू जहाज मात्र अशाच एका फुटक्या बोटीतली माणसं घेऊन भर समुद्रात ताटकळतंय. कॅप्टनचा हुकूम यायच्या आधी शिडी तू सोडलीस. जमिनीवर पाय ठेवताच, माणसं चोरून आणली म्हणून तुलाच धरतील, या भीतीने मी रात्रभर बातम्या चाळत बसते.

"उतरव म्हणावं त्यांना परत त्यांच्या बोटीत!" मी आईवर ओरडले.

आई भाकरी थापत म्हणाली, "भरल्या पानावरनं कुणाला उठवत्यात व्हय गं? त्यास्नी जेवाया काय घालतोय, ते इचार."

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, मी चुकलो का गं?" रेंज गेल्याचं नाटक करून मी फोन ठेवला होता.

हे पत्र पाठवणार नाही. यात नुसती भीतीच आहे. तुला द्यायचं राहिलेलं उत्तर तेवढं आत्ता मोबाइलवर धाडलंय: "नाही रे, चुकला नाहीस."

अजून एकच टिक दिसतेय.

वाट बघणारी,
तनुजाताई