मालूची पिशवी

शनिवार, संध्याकाळ. शाळेच्या वर्गात बसून लिहितोय.

दुपारी नदीचं पाणी जुनी इंदूर भागातल्या आमच्या गल्लीत शिरलं. माझ्या बायकोनं, मालूनं, कागदपत्रं आणि औषधं भरलेली पिशवी उन्हाळ्यापासूनच दाराशी टांगली होती. त्या पिशवीला मी किती हसलो! आज तीच खांद्याला अडकवून तिनं घराघरातून माणसं बाहेर काढली, शेजारच्या आंधळ्या गंगूबाईंना तर हाताला धरून. भीती नसेल वाटली तिला?

शाळेत पोचल्यावर मी नुसताच उभा. मिल बंद झाल्यापासून असाच उभा असतो.

मालू म्हणाली, "अहो, मिलमध्ये हजेरी तुम्हीच घेत होता ना? मग सगळे आले का, जरा गिनती करा."

मी एकेक नाव पुकारलं. सगळे हजर होते. शेवटी मालूचं नाव घेतलं आणि तिच्या खांद्यावरची पिशवी काढून माझ्या खांद्याला अडकवली.