तळ्यातला खड्डा

ती. आईस,
धाकटीचा नमस्कार. माझी खोली बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

आता बसून वाच. गेल्या महिन्यात नावेतून आपल्या तळ्याची खोली मोजत होते, ते तू पाहिलंच असशील. ते आकडे आमच्या कार्यालयात माझ्याच टेबलावर आले. पाण्याची पातळी आणि खोलीचे आकडे भरले, की संगणक पाण्याखालची जमीन उभी करून दाखवतो.

बाबा जाळं घेऊन रोज उतरायचे, त्या उतारापासून दहा पावलांवर दोन पुरुष खोल खड्डा निघाला. कडा सरळ कापलेल्या. कुणीतरी वाळू उपसली आहे.

साहेब म्हणाले, "मोजण्यात चूक असेल. नकाशात सपाट करून टाका."

मी म्हटलं, "सर, माझे वडील तिथेच बुडाले."

मी खड्डा तसाच ठेवून अहवाल वर पाठवला. नोकरीचं काय ते बघू, तू काळजी करू नकोस.

दादाला म्हणावं, आजच तिथे बांबू रोवून दोरी बांध. पोरांना पाण्यात सोडू नका.

आणि आई, सगळे म्हणाले पिऊन पाण्यात गेला, ते तूही खरं मानलंस. बाबा नेहमीच्या वाटेनेच उतरले होते गं. रागाने कपाटात टाकलेला त्यांचा फोटो बाहेर काढ.

तुझी,
धाकटी