चुन्याखालची मापं

ता. ३ जून

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट आहेत, एक माझं डोकं सोडून.

तू शिकवतेस त्या शाळेची नऊ पोरं आणि त्यांचे सर गावच्या शिबिराला परवा पोचले. काल मी कापड आणायला गेले होते. परत येते तर शिवणाच्या दुकानाच्या चारही भिंती पांढऱ्याफेक, आणि पोरं दारात ओळीनं उभी, नाकाला चुना. म्हणाली की ही आमची सेवा. मी मटकन खाली बसले. त्यांना वाटलं, आनंदानं.

तुला ठाऊक आहे, माझी चौथीत शाळा सुटली. आकडे येतात, नावं लिहायचा कंटाळा. म्हणून सगळी मापं मशीनमागच्या भिंतीवर, नावाच्या जागी चित्र आणि पुढे आकडे. रंगाऱ्याच्या पोरांची शिडी, एक पायरी थोरल्याची, दोन धाकट्याची. पोस्टमनच्या पोरीची टपालपेटी. न्हाव्याच्या जुळ्यांच्या दोन कात्र्या. गावच्या शाळेच्या अडतीस पोरांची मापं गेल्याच आठवड्यात घेतली होती. आता त्यावर चुन्याचे दोन हात! शाळा उघडते वीसला. हेडमास्तर आधीच सांगून गेलेत, त्या दिवशी एक जरी पोर जुन्या कपड्यात दिसलं तर पुढच्या वर्षापासून गणवेश तयार कपड्यांच्या दुकानातून. ते काम गेलं की माझ्याकडे उरलं काय, उसवलेले खिसे?

त्यांची म्होरकी, ती चष्मेवाली, तासभर रडली. मी म्हटलं की रड, पण कापडापासून लांब. सरांनी एक छापील कागद पुढे केला, गावच्या राहणीवर पंचवीस प्रश्न. पहिलाच प्रश्न, तुमच्या जीवनातला आनंद कोणता. मी सांगितलं, कालपर्यंत भिंतीवर होता.

हे खूळ कोणाचं ते शोधून कळव. पोरं तोंड उघडत नाहीत.

वैतागलेली, पण तुझीच,
ताई


ता. ६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र उभ्यानं वाचलं. शोधायला लांब जायला नको. खूळ माझंच.

निघताना मीच पोरांना म्हटलं, ताईचं दुकान फार कळकट आहे, विचारलंत तर ती नाहीच म्हणेल, तेव्हा ती बाहेर गेली की उरकून टाका. मला वाटलं, मापं आता तू वहीत लिहीत असशील. मागच्या खेपेला मी जाड पुठ्ठ्याची दिली होती ना? चार वर्षं घरी फिरकलं नाही की माणूस असं मनानंच धरून चालतं.

तू म्हणशील तर पोरांना परत बोलावते. इथल्या एका ओळखीच्या शिंप्याकडून थोडे कपडे शिवूनही घेते. चष्मेवालीवर मात्र रागावू नकोस. तिनं माझं नाव सांगितलं नाही, यातच काय ते ओळख.

राग निवला की दोन ओळी धाड. तेवढ्यावरही माझं भागेल.
तुझी अपराधी,
धाकटी


ता. १९ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद. पोरांना परत बोलावलंस तर याद राख, असं कार्ड टाकलं होतं ते मिळालं असेलच. तुझी वही चांगली आहे. मशीनच्या पायाखाली घातली, तेव्हापासून मशीन डुगडुगत नाही.

ज्यांनी पुसलं त्यांनीच मापं घ्यायची, असं मी ठरवलं. टेप तीनच, म्हणून तिघातिघांना एक देऊन घरोघर पिटाळलं. पहिल्या दिवशी नुसता सावळागोंधळ. एकाची बाही पायापेक्षा लांब. न्हाव्याच्या जुळ्यांत एकानंच दोनदा माप दिलं, दुसरा माळ्यावर लपलेला. बाकीचे श्वास रोखून, छाती फुगवून उभे. मी सगळे कागद फाडले. सांगितलं की टेप दिसली की माणूस फोटोला उभा राहतो. बसा, बोला, भाजी निवडू लागा, तो विसरला की माप घ्या.

मग जमलं. तीन दिवसांत पोरांना कोणाच्या घरात काय चाललंय ते माझ्याहून जास्त कळायला लागलं. सरांचे पंचवीस प्रश्न कोरेच राहिले. चष्मेवाली येऊन म्हणाली की पोस्टमनच्या पोरीचा उजवा खांदा खाली आहे, ती बापाची पिशवी वाहते, तेव्हा शिवण तिकडे थोडी उचलून घ्या. तीन वर्षं तिचे कपडे शिवतेय, मला दिसलं नव्हतं.

कापलं आणि शिवलं मी, काजं-बटणं पोरांनी, इस्त्री सरांनी. इस्त्री बरी करतात हो, शिकवतात कसं ते तू जाण. आज दुपारी अडतीस जोड पोचते केले. हेडमास्तरांनी दोनदा मोजले, चारपाच पोरांना घालूनही बघितले, आणि म्हणाले की पुढच्या वर्षीही तुम्हीच शिवा. मी म्हटलं, दुसरं कोण शिवणार होतं?

पोरं उद्या निघतील. भिंतीवर शिडी, पेटी, कात्र्या परत आल्यात. खाली नऊ नवी मापं आहेत. पहिलं चष्म्याचं. पुढच्या वर्षी बघते, किती वाढली ते.

एक मात्र सापडलं नाही. दाराजवळ वेगळी काढलेली चिमणी, तुझ्या मापाची. खरवडून पाहिलं, चुनाच निघाला. आकडे मला पाठ आहेत, पण चार वर्षांपूर्वीच्या मापावर मी कोणाचंच शिवत नाही. चिमणी नव्यानं काढून ठेवली आहे, पुढची जागा कोरी आहे.

माया टपालानं पोचते, माप पोचत नाही. येऊन दे. आणि श्वास रोखायचा नाही.

तुझी,
ताई