बेल्ट, टोपी आणि साडू

४ जानेवारी, रविवार

आज सगळ्या स्काउट पथकांची सराव तपासणी झाली. साडूच्या पथकाला तपासनीस बाईंनी पुढे बोलावलं आणि सगळ्यांना दाखवून म्हणाल्या, गणवेश असा हवा. आमच्याकडे बघून त्या नुसत्या हसल्या.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दातांचा डॉक्टर. त्याची पोरं स्कार्फपासून मोज्यांपर्यंत एका साच्यातून काढल्यासारखी. माझ्या पथकात एकाला शर्ट आहे तर टोपी नाही, दुसऱ्याला टोपी आहे तर खाली फुटबॉलची चड्डी. आणि लंबू, पथकातला सगळ्यात उंच मुलगा, घरच्या शर्टावर नुसता स्कार्फ बांधून आलेला.

मला त्याचं काही वाटत नाही. स्काउटिंग मनात असावं लागतं. हेव्याचा तर प्रश्नच नाही. फक्त नोंद म्हणून लिहितो की साडूने स्वतःचे मोजे जरा जास्तच वर ओढले होते.

खरी तपासणी फेब्रुवारीच्या मेळाव्यात, तिथे उत्तम गणवेशाला ढाल मिळते. गेल्या वर्षीची त्याच्या दिवाणखान्यात आहे. आरशासमोर ठेवलीय, म्हणजे दोन दिसतात.

येताना कन्या, तीही माझ्याच पथकात, म्हणाली, काकांची शिट्टी काय भारी वाजते. मी गाडी चालवण्याकडे लक्ष दिलं.

६ जानेवारी, मंगळवार. दुपार

सुचलं! शोरूममध्ये, डबल बेडच्या गादीवर गिऱ्हाईक झोपून बघत होतं तेव्हा.

मी गाद्यांचा सेल्स सुपरवायझर. इन्सेन्टिव्ह नसेल तर माणूस उशीसुद्धा विकत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? आमची पोरं दर वर्षी कॅम्पच्या फंडासाठी घरोघर बिस्किटांचे डबे विकतात. चांगलं विकणाऱ्याला आपण टॉर्च देतो, पाण्याची बाटली देतो. यंदा टॉर्च बंद. बक्षीस म्हणून गणवेश! थोडे डबे विकले की स्कार्फ, मग बेल्ट, मग टोपी, मग शर्ट. आणि सगळ्यात जास्त विकेल त्याला मेळाव्यात झेंडा धरायचा मान, पण गणवेश पूर्ण असेल तरच.

हिला सांगितलं. हिने विचारलं, ज्यांचा गणवेश पूर्ण झाला ती पोरं पुढे कशाला विकतील? मी म्हटलं, हे कळायला फील्डचा अनुभव लागतो. ही दूध बघायला गेली. दूध ठेवलेलंच नव्हतं.

१० जानेवारी, शनिवार

कमिटीत योजना पास. खजिनदारकाकांनी तेवढी शंका काढली. म्हणाले, लंबूची आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत शिफ्ट करते, त्यांच्या ओळखीत डबे घेणारं आहे कोण? ज्याला शर्टाची जास्त गरज, त्यालाच तो मिळायचा नाही. मी त्यांना समजावलं की अशाने मुलांना कारणं द्यायची सवय लागते. शिवाय लंबूची आई एकाही पालकसभेला येत नाही. मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही.

कन्येने पोस्टर काढलं. पायऱ्या चढत जाणारी मुलं, आणि वर त्यांना हात देणारा स्काउट मास्तर. मास्तराला मिशा काढल्यात. मला मिशा नाहीत. साडूला आहेत.

साडूचा फोन आला. योजना त्याच्या कानावर गेलीच होती, दोघी बहिणी बोलतात ना. म्हणाला, कल्पना छान आहे, काही लागलं तर सांग. या माणसाला वाईट बोलताच येत नाही. त्याच्या स्वभावातला हा मोठा दोष आहे.

१८ जानेवारी, रविवार

मेव्हणीचा स्टीलचा डबा परत द्यायच्या निमित्ताने साडूच्या पथकाच्या हॉलवर जाऊन आलो. हेरगिरी वगैरे नाही. डबा द्यायचाच होता.

गुपित कळलं. कोपऱ्यात एक कपाट आहे. ज्या पोराला शर्ट आखूड होतो, ते तो धुऊन, इस्त्री करून त्यात ठेवतं आणि मापाचा दुसरा घेऊन जातं. ना टार्गेट, ना पॉइंट. साडू खुर्चीत बसून एक उसवलेली टोपी शिवत होता आणि भोवती पोरं गप्पा मारत होती.

म्हणजे जुने कपडे! मन एकदम हलकं झालं. घरी येऊन हिला म्हटलं, एकाचे कपडे दुसऱ्याला घालून फिरवतात नुसते, याला काय गणवेश म्हणायचं? ही म्हणाली, आपल्या कन्येचा शर्टही त्याच कपाटातला आहे. गेल्या वर्षीपासून.

मला कोणी काही सांगत नाही.

२५ जानेवारी, रविवार

योजनेला तुफान प्रतिसाद. म्हणजे जुळ्यांचा. त्यांच्या वडिलांनी डबे ऑफिसात नेले आणि हाताखालच्या सगळ्यांना घ्यायला लावले. जुळ्यांचा गणवेश पूर्ण झाला, वर प्रत्येकी तीन तीन बेल्ट झाले. जास्तीचे बेल्ट ते बॅटच्या ग्रिपच्या बदल्यात देतायत. बाजारपेठ तयार होणं हे चांगलं लक्षण आहे.

लंबू आणि कन्या मिळून रोज शाळा सुटल्यावर फिरतात. बऱ्याच ठिकाणी दार उघडत नाहीत. आज लंबूला पहिलं बक्षीस दिलं, स्कार्फ. त्याच्याकडे स्कार्फ होताच. आता दोन झाले. नियम म्हणजे नियम. मी पाठ थोपटून म्हटलं, अशीच चिकाटी ठेव. तो "हो सर" म्हणाला. चांगला मुलगा आहे, पण चेहऱ्यावर ड्राइव्ह दिसत नाही.

३१ जानेवारी, शनिवार

तक्रारी. एका मुलाने सगळे डबे स्वतःच्या आजीलाच विकले. आजीला मधुमेह आहे. तिच्या सुनेचा फोन दहा मिनिटं चालू होता. मी रिसीव्हर टेबलावर ठेवून एक गादी विकली.

विक्रीला जोर यावा म्हणून मी स्वतः बरेच डबे घेतलेत. सध्या शोरूममध्ये प्रत्येक गादीवर एक डबा फ्री. मालकांनी विचारलं, ही स्कीम कोणाची? गिऱ्हाईक गादीवर बसून बिस्किटं खातंय.

दोन मुलं येऊन म्हणाली, आम्ही डॉक्टरकाकांच्या पथकात जाऊ का? मी निष्ठेवर थोडं बोललो. थोडंच ठरवलं होतं, पण अर्धा तास झाला. नंतर कळलं, त्यातला एकजण फक्त पाणी प्यायला जाऊ का विचारत होता.

रात्री जेवताना ही म्हणाली, भावोजींनी कधी कोणाला अडवलं नाही. मी भाताला मीठ कमी आहे एवढंच म्हटलं.

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ

उद्या मेळावा. पूर्ण गणवेश दोघांचा, जुळ्यांचा. आणि जुळे येणार नाहीत. इतके डबे विकले म्हणून वडील खूश होऊन त्यांना फिरायला घेऊन गेले. झेंडा धरणारा गेला. बाकीच्यांकडे कोणाकडे बेल्ट आहे, खाली पँट नाही.

कन्या म्हणाली, बाबा, काकांना विचारू? मी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. माझ्या पथकाची इज्जत कोणाच्या कपाटावर अवलंबून नाही. ती आत आईकडे गेली. आई आधीच फोनवर होती.

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ

जे झालं ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर मागून लोक भलतंच सांगतील.

मैदानावर पोचलो तर साडू आधीच हजर. गाडीची डिकी उघडी, माझी पोरं रांगेत. तो एकेकाच्या खांद्यावर शर्ट धरून बघत होता. डबे किती विकले, हे एकालाही विचारलं नाही. कपाटातलं संपलं तेव्हा त्याच्या पोरांनी आपले बेल्ट सोडून दिले, काहींनी टोप्या. मी त्या वेळात झेंड्याची काठी तपासत होतो. ती तपासणं आवश्यक होतं.

लंबूला मनगटापर्यंत पोचणारा शर्ट मिळाला. झेंडा त्याने धरावा असं पोरांनी परस्पर ठरवलं. मी मान डोलावली. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी डोलावली.

ढाल आम्हाला मिळाली. साडूचं पथक दुसरं, त्यांच्यात बेल्ट कमी पडले. सगळ्यात जोरात टाळ्या साडू वाजवत होता. तपासनीस बाईंनी विचारलं, महिन्याभरात एवढा फरक कसा पाडला? मी इन्सेन्टिव्हवर चार शब्द बोललो. कन्या समोरच उभी होती. ती बुटांकडे बघत राहिली.

ढाल हातात आली की हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. ती बरीच जड आहे.

पांगापांग झाली. मी पार्किंगमध्ये ढाल घेऊन उभा असताना एक बाई घाईघाईने आल्या. अंगावर हॉस्पिटलचा कोट, हात पाण्याने सुरकुतलेले. म्हणाल्या, मी लंबूची आई, शिफ्ट आत्ता सुटली, पोराने भेटल्याबरोबर सगळं सांगितलं. लंबू लांब तंबूचे दोर गुंडाळत होता. तिकडे बघून त्यांनी मला विचारलं,

"तुम्हीच ना ते डॉक्टरसाहेब? पोराला शर्ट दिलेले?"

मी नाही म्हणणारच होतो. आधी घसा साफ करायला थांबलो, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"दोर गुंडाळायला जातानाही गाड्यांच्या काचेत स्वतःला बघत गेला तो. तुम्ही काही विकायला लावलं नाहीत, काही विचारलं नाहीत. त्या दुसऱ्या सरांना मी नावं ठेवत नाही. पण महिनाभर पोरगं दारं वाजवून यायचं आणि न जेवता झोपायचं."

"हो," मी म्हटलं. "मीच तो डॉक्टर."

इतकी वर्षं झाली, माझा हात कोणी असा धरला नव्हता. मला तो सोडवून घ्यावासा वाटेना.

मग त्या जरा संकोचून म्हणाल्या, दाढ फार दुखतेय, उद्या दवाखान्यात आले तर चालेल का? मी म्हटलं, अवश्य या, पैसे वगैरे काही नाही. अगदी साडूसारखंच म्हटलं. पत्ता विचारला तोही दिला.

आता साडूला फोन करायला हवा. उद्या एक बाई येतील, त्यांची दाढ बघ, आणि मीच डॉक्टर आहे असं समजून त्या आल्या तर सांभाळून घे. हे कोणत्या शब्दांत सांगायचं ते जमत नाहीये. दोनदा नंबर लावून ठेवून दिला.

तो फक्त विचारेल, दाढ वरची की खालची. बाकी एक अक्षर विचारणार नाही. तेच तर मला त्याचं सहन होत नाही.