बिघडलेली जेनेव्हर

स्किडाम, ३ मार्च १८८७
आमच्या जेनेव्हर दारूत कोणीतरी भेसळ करतंय. आज नव्या पिंपातला घोट घेतला — नुसती जळजळ. धान्याची ती पावासारखी चव नाही, जुनिपरच्या फळांचा वास नावालाही नाही. नवऱ्यामागं ही भट्टी चाललीय ती त्या चवीवर. बिटाच्या मळीची स्वस्त दारू कारखान्यातून गावभर वाहतेय. आमच्या पिंपात ती कोण ओततंय?

४ मार्च
लेंडर्टला विचारलं. सासऱ्यांच्या वेळेपासून भट्टी तोच लावतो. म्हणाला, "मालकीणबाई, राय धान्य तेच, जव तेच, तीनदाच गाळतो. मी कशाला बदलू?" बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. जाळाकडे बघत होता.

६ मार्च
धाकट्या दिरांना चाखायला दिली. खोव्हर्टभावजींनी काठोकाठ भरलेल्या पेल्यावर वाकून, हात न लावता, पहिला घोट ओढला. "वहिनी, झकास आहे. उगाच त्या म्हाताऱ्याच्या मागे लागू नका."
झकास! त्याची बाजू घ्यायची एवढी घाई? काल दोघं अंगणात कुजबुजत होते. मला पाहून दोन दिशांना गेले.

७ मार्च
जुनिपरची पोती स्वतः उघडली. फळं टपोरी, काळीभोर. बोटांत चुरडली. वास नाही. म्हणजे पोतीसुद्धा बदलली.

९ मार्च
लेंडर्टला काढला. सगळ्यांसमोर चोर म्हटलं. टोपी हातात घेऊन उभा होता. "थोरल्या मालकांनी शिकवलं तसंच केलं," एवढंच बोलला. बाकीचे गडी खाली बघत होते — त्यांनाही ठाऊक असणार.

१६ मार्च
नव्या माणसाची पहिली धारही तशीच. यालाही फितवलाय.

१९ मार्च
वाटाण्याचं सूप चुलीवर ठेवून शेजारीच विणत बसले होते. दिना, माझी लेक, रस्त्यावरून धावत आली. "आई, अगं जळतंय! बाहेरपर्यंत वास येतोय." भांडं तळाशी कोळसा झालेलं. मी हातभर अंतरावर होते.
भांडं नाकाशी धरलं. मग साबण. मग चिरलेला कांदा — डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही. माझा वासच गेलाय; हिवाळ्यात मला ताप आला होता, त्यानंच नेला असणार.

२० मार्च
लेंडर्टकडे गेले. त्याच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं. "ते कामावर गेलेत. मळीच्या कारखान्यात. तुम्ही चोर म्हटल्यावर भट्टीवर कोण उभं करणार त्यांना?"