शून्य नंबरचा चष्मा

४ फेब्रुवारी
बायकोचं डोकं पुन्हा उठलं. उजवी बाजू. पडदे ओढून, कपाळाला ओढणी आवळून पडून आहे. माझी बहीण जेवायला आली होती. म्हणाली, "आमची चाहूल लागली की वहिनीचं डोकं दुखतं!" मी हसलो. हसायला नको होतं का?

खरेपणासाठी एक नोंद. चार वर्षांपूर्वी बायकोने फारच लावून धरलं, म्हणून मी तिला चष्मा करून दिला. नंबर शून्य. साधी काच! डोळे तपासणं माझा धंदा. तिचे उत्तम आहेत. ती म्हणाली, "बरं वाटतं." म्हणजे दुखणं मनाचंच, हा माझा निष्कर्ष. घरी येतो तेव्हा बहुतेक रोज तो तिच्या डोळ्यांवर असतो. कारागीर म्हणून समाधान आहे.

११ फेब्रुवारी
दुकानात भलताच प्रकार. एक मास्तर तक्ता वाचत होते, मी काडीने अक्षरं दाखवत होतो. मास्तर म्हणाले, "अहो, काडी भिंतीवर आहे!" तक्ता मला पाठ — डावी बाजू दिसत नाहीये हे कळलंच नाही. मास्तरांकडे वळलो तर त्यांचा अर्धा चेहरा गायब. तिथे एक चकाकती, करवतीसारखी रेघ. पंचवीस मिनिटांत सगळं जागेवर. डोकं दुखलं नाही. मास्तर दुसऱ्या दुकानात गेले.

१५ फेब्रुवारी
तपासण्या ठीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अर्धशिशी."
"पण डोकं दुखलंच नाही!"
"दुखायलाच हवं असं नाही."
त्या सांगत गेल्या, मी उतरवत गेलो. काहींना आधी रेघा दिसतात, हाताला मुंग्या येतात, शब्द सापडत नाहीत. तासाभरात ते ओसरतं, मग डोकं. काहींना नुसती भोवळ. मला रेघा, पुढे काही नाही. आणि बऱ्याच जणांना रेघाबिघा काही नाही — थेट अर्धं डोकं ठणकतं, उलट्या, उजेड-आवाज सोसत नाही. चार तास ते तीन दिवस. आदल्या दिवशी जांभया, मान आखडलेली.
हे शेवटचं लिहिताना पेन थांबलं. बायकोच्या जांभयांवर मी म्हणायचो, "आळसाला औषध नाही."
विचारलं, शून्य नंबरच्या चष्म्याने बरं वाटेल?
"तुम्हीच सांगा. धंदा तुमचा."

१६ फेब्रुवारी
बायकोला सांगायचं ठरवलं. सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी
तेच.

१९ फेब्रुवारी
तिचं डोकं. पडदे मी ओढले. बहिणीला फोन केला — आज नको येऊस.
"का रे?"
"तिचं डोकं दुखतंय. खरंच."
हे "खरंच" मी का जोडलं?

२१ फेब्रुवारी
सांगितलं. काचेला नंबर नाही.
"माहीत आहे," ती म्हणाली. "चष्मेवाल्याची बायको आहे मी."
मग चार वर्षं का घातलास?
"दुखायला लागलं की घालते. निदान 'खरंच दुखतंय का' असं तू विचारत तरी नाहीस."
म्हणजे, बहुतेक रोज.