आईशिवाय उतरू देत नाहीत

अंजनवेल, जि. रत्नागिरी
ता. ९ डिसेंबर १९३१

कमालच्या बाबांना हफीजाचा सलाम. आम्ही इथे खुशाल आहोत. तुमची खुशाली खुदाकडे मागते.

अम्मांना आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. खालचं भाताचं शेत यंदाही पडीक राहिलं. नांगर धरायला मोहल्ल्यात पुरुष आहेत कुठे? सगळे आफ्रिकेला, नाहीतर बोटीवर. तुमच्या पैशाच्या चिरेबंदी घरात बसून आम्ही तांदूळ विकत आणून खातो. ते असो.

तुमचं पत्र पोचलं. "तुझ्यावाचून करमत नाही, कमालला घेऊन केपटाऊनला ये." तेरा वर्षांनी करमेनासं झालं! आणि मी वेडी, खरं मानलं. मोहल्लाभर सांगत सुटले. गाय तुमच्या बहिणीला देऊन टाकली. अम्मांना कोणाकडे ठेवायचं, हे तुम्ही लिहिलं नव्हतं. म्हटलं, लिहायचं राहिलं असेल.

मग शुक्रवारी फारुक आला, तिथे तुमच्या शेजारच्या दुकानात होता तो. अम्मांनी विचारलं, "माझा पोरगा नीट जेवतो ना रे?"

"चिंता नुको करू, अम्मा. घरात भाभी हाय, दोन पोरी हायत. जेवणाची काय आबाळ नाय."

बिचाऱ्याला वाटलं, आम्हाला ठाऊक आहे. मी कमालची नवी तुमान ट्रंकेत ठेवत होते. अम्मांनी तोंड माझ्याकडे वळवलं आणि रडू लागल्या.

बाकीचंही त्यानेच सांगितलं. तिथला माणूस दुकानात ठेवायला परवडत नाही, म्हणून घरचा पोरगा हवा. आणि सरकारचा नवा कायदा असा, की सोळाच्या आतलं पोर आई बरोबर असेल तरच बंदरावर उतरू देतात. म्हणून हफीजा आठवली! पोराचा परवाना म्हणून मला बोलावलंत, आणि सहा महिन्यांनी परतीच्या बोटीत बसवणार होतात. लाज कशी वाटली नाही?

कमाल रोज खाडीवर जाऊन आगबोट बघत उभा राहतो. वय उलटलं की त्याची वाट कायमची बंद, हे मला कळतं. त्याला मी काहीच सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगायचं, त्याच्या नावाने, स्वतःच्या हाताने लिहून: घरात कोण आहे, आणि त्याच्या आईला किती दिवस ठेवणार. मी आले तर अम्मांना घेऊन, कायमची येईन. जमत नसेल तर आईशिवाय पोर तिथे उतरत नाही, आणि आई इथून हलत नाही.

गाय मी परत आणली आहे.

कमालची आई,
हफीजा